‘राष्ट्रत्व’ कुठं लिहायचं आणि कुठं नाही: डीटीपीवाल्याची कामापुरती गाइड

ऑगस्ट लागला की आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या दुकानात दोन प्रकारची गर्दी असते, एक गणपतीच्या पावत्या छापायला येणारी आणि दुसरी पंधरा ऑगस्टचं भाषण टाइप करून घ्यायला येणारी. पावतीवाल्यांचं काही नसतं, गेल्या वर्षीची फाइल उघडायची, साल बदलायचं, अध्यक्ष बदलला असेल तर नाव बदलायचं, झालं. भाषणवाले मात्र डोकं खातात. कारण भाषण निम्मं मोबाईलवरनं उचललेलं असतं आणि त्यात कुठंतरी इंग्रजीतला ‘नेशनहूड’ येऊन बसलेला असतो, मग त्याचं कुणी राष्ट्रीयत्व केलेलं असतं, कुणी राष्ट्रवाद, कुणी राष्ट्रीयता, गेल्या वर्षी एका पोरानं तर एकाच पानावर तिन्ही वापरले होते आणि वर मला म्हणतोय, काका कुठलाही ठेवा, एकच आहे की.

एकच नाहीये. म्हणून हे लिहितोय.

आधी माझीच चूक सांगतो म्हणजे तुम्हाला वाटायला नको की हा लय शहाणा. काही वर्षांपूर्वी एका मंडळाचा दहा बाय सहाचा फ्लेक्स मी केला होता, त्यावर मोठ्या अक्षरात ‘राष्ट्रत्त्व’ असं लिहिलं, दोन त लावून. कुणाच्या लक्षात आलं नाही, मंडळाच्या नाही, माझ्या तर नाहीच. दुसऱ्या दिवशी ओळखीतले एक रिटायर्ड गुरुजी दुकानात आले, छत्री टेबलाला टेकवली आणि म्हणाले, “काय रे, एक त फुकट दिलास व्हय मंडळाला?” फ्लेक्स परत मारून द्यायला लागला, स्वतःच्या खिशातनं. तो त कुठं एक आणि कुठं दोन ते खाली सांगतो, आधी अर्थाचं बघू.

इंग्रजीत हूड लागला की एखादी गोष्ट असण्याची अवस्था होते. मराठीत हेच काम आपला ‘पण’ करतो, आईपण, माणूसपण, बालपण, पोरकेपण. संस्कृतातनं आलेला ‘त्व’ त्याचाच शिकलेला भाऊ. म्हणजे राष्ट्रत्व म्हणजे सरळ सरळ राष्ट्रपण, एखादा लोकसमूह राष्ट्र असण्याची किंवा राष्ट्र होण्याची अवस्था. आता माझी युक्ती ऐका, ही मला कुणी शिकवली नाही, काम करता करता सापडली. वाक्यात राष्ट्रत्वच्या जागी मनातल्या मनात ‘राष्ट्रपण’ घालून वाचायचं. वाक्य उभं राहिलं तर शब्द बरोबर. “स्वातंत्र्याच्या लढ्यातनं आपलं राष्ट्रपण घडत गेलं”, कानाला जरा नवीन वाटतंय पण अर्थ लागतोय, म्हणजे इथं राष्ट्रत्व चालतंय. आणि “माझ्या पासपोर्टवर राष्ट्रपण भारतीय असं लिहिलंय”, हसू आलं ना? मग तिथं राष्ट्रत्व नको, तिथं राष्ट्रीयत्व.

राष्ट्रीयत्व हा फॉर्मवरचा शब्द आहे. नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व: भारतीय. एक माणूस कुठल्या राष्ट्राचा, एवढंच तो सांगतो. राष्ट्रत्व एकट्या माणसाला नसतंच, ते पुऱ्या समूहाला असतं. हा फरक एकदा डोक्यात बसला की निम्मं काम झालं. “माझं राष्ट्रत्व” असं कुणी लिहून आणलं की मी सरळ विचारतो, तुझं एकट्याचं वेगळं राष्ट्र आहे का बाबा. अजून एक, जुन्या जाणत्या लोकांच्या लिखाणात राष्ट्रीयत्व हाच शब्द राष्ट्रत्वाच्या अर्थानं पण सापडतो, ती चूक नाही, तेव्हा तसं चालायचं. पण आज फॉर्म भरभरून लोकांच्या डोक्यात त्याचा कागदी अर्थ इतका पक्का बसलाय की तुम्ही वेगळे ठेवलेले बरे.

नागरिकत्व त्याहून कायद्याचं. घटनेतली कलमं ५ ते ११ आणि १९५५चा नागरिकत्व कायदा, हे मिळतं, सोडता येतं, काढून घेता येतं. भाषणात “आपल्याला १९४७ला नागरिकत्व मिळालं” असलं लिहू नका, तुम्हाला म्हणायचं असतं स्वातंत्र्य.

राष्ट्रवाद हा विचार आहे, वाद लागला की मत आलं, चळवळ आली, त्याच्या बाजूचे आले आणि विरोधातले पण आले. राष्ट्रत्वाला बाजू नसते, ती अवस्था आहे. आणि आपल्या भागात राष्ट्रवादी हा शब्द तर फारच जपून वापरायला लागतो, सांगली साताऱ्यात तुम्ही कुणाबद्दल म्हणालात की तो कट्टर राष्ट्रवादी आहे, तर समोरचा पहिला प्रश्न विचारणार, कुठल्या गटाचा? एका आजोबांच्या पंचाहत्तरीच्या मानपत्रात घरच्यांनी “थोर राष्ट्रवादी” लिहून आणलं होतं, आजोबा आयुष्यभर दुसऱ्याच पक्षात. मी ‘देशभक्त’ केलं, सगळे खूश.

आता खरी गंमत राज्य आणि राष्ट्र यात आहे, आणि स्पर्धा परीक्षेची पोरं इथंच मार खातात. राज्य म्हणजे यंत्रणा: हद्द, सरकार, कर, पोलिस. राष्ट्र म्हणजे आपण एक आहोत असं वाटणारे लोक. १९३३च्या मॉन्टेव्हिडिओ करारात चार निकष आहेत, कायमची लोकवस्ती, ठरलेली हद्द, सरकार, आणि दुसऱ्या राज्यांशी संबंध ठेवायची क्षमता. हे चारी निकष राज्याचे आहेत. तरी निबंधात सर्रास “राष्ट्रत्वाचे चार निकष” म्हणून हेच उतरवतात. त्यात लोकांना एकमेकांबद्दल काय वाटतं याचा एक शब्द आहे का बघा. नाही.

उदाहरण लांब शोधायला नको. आमचं सांगली हे पटवर्धनांचं संस्थान, शेजारी मिरज वेगळं, तिकडं औंध वेगळं, त्या औंधाचं आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. या सगळ्यांना राजा होता, खजिना होता, कोर्टकचेऱ्या होत्या. औंधात तर १९३९ साली पंतप्रतिनिधींनी कारभार लोकांच्या हातात देणारी राज्यघटना आणली. म्हणजे राज्य म्हणावं असं बरंच काही होतं, पण सांगलीकर हे वेगळं राष्ट्र आहे असं कुणाच्या स्वप्नात पण आलं नसणार. ८ मार्च १९४८ला ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. संस्थान गेलं, राष्ट्रत्व गेलं असं कुणी लिहीत नाही, कारण ते तिथं नव्हतंच. आणि त्याच्या आधी १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजचा वाळवा तासगाव धरून, गावोगाव न्यायनिवाडे चालवले. त्याला लोकांनी नाव काय दिलं? सरकार. दुसरं सरकार आणलं होतं, दुसरं राष्ट्र मागितलेलं नव्हतं. आपल्या म्हाताऱ्या माणसांना हा फरक पुस्तक न वाचता कळत होता.

उलटं उदाहरण पण जवळच आहे. कोल्हापूरच्या बाजूला वळिवडे, तिथं दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते ४८ पोलंडचे सुमारे ५ हजार निर्वासित राहिले, बायका आणि पोरंच जास्त. त्यांच्या देशाचे १९३९ला जर्मनी आणि रशियानं दोन बाजूंनी लचके तोडलेले. हद्द नाही, स्वतःचं सरकार परक्या मुलखात, आणि ही माणसं पंचगंगेच्या काठावर पोलिश भाषेच्या शाळा चालवतायत, चर्चमध्ये प्रार्थना म्हणतायत, आपले सण करतायत. याला म्हणायचं राष्ट्रत्व टिकवणं. त्यांना त्याची सवय पण होती म्हणा, १७९५ला पोलंड नकाशावरनं पुसला गेला आणि परत आला तो १९१८ला, १२३ वर्षांनी. इतकी वर्षं राज्य नव्हतं, राष्ट्र होतं. आज तसंच कुर्द लोकांचं, तुर्कस्तान इराक इराण सीरिया असे चार देशांत वाटले गेलेत. त्यांच्याबद्दल लिहिताना “राज्य नसलेलं राष्ट्र” असं बिनधास्त लिहा. आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या नावावर जाऊ नका, नाव राष्ट्रांचं असलं तरी १९३ सभासद आहेत ती राज्यं.

पेपरवाल्या इंग्रजीत ‘स्टेटहूड’ दिसलं तर मात्र सावध. आपल्याकडं त्याचा अर्थ बहुतेक वेळा भारतातलं घटकराज्य होणं असा असतो, तेलंगण २ जून २०१४, आपला महाराष्ट्र १ मे १९६०. तिथं “राज्याचा दर्जा” लिहा. महाराष्ट्राला राष्ट्रत्व मिळालं असं लिहिलेलं पण मी बघितलंय, नावातच राष्ट्र आहे म्हणून बहुतेक. नावातलं ते राष्ट्र जुन्या अर्थाचं, प्रदेश, मुलूख अशा अर्थाचं, सौराष्ट्रातलं तसंच.

आता या शब्दाचा गाभा कुठं आहे ते सांगतो, आणि त्यासाठी पॅरिसला जायची गरज नाही. (पॅरिसमध्ये रेनां नावाच्या माणसानं १८८२ला व्याख्यान देऊन सांगितलं होतं की राष्ट्र म्हणजे लोकांनी रोज नव्यानं घेतलेलं सार्वमत, चांगलंच सांगितलंय, पण आपल्याकडं त्याहून धारदार आहे.) महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण, साताऱ्याच्या खटाव तालुक्यात. त्यांनी शेवटच्या काळातल्या लिखाणात ‘नेशन’ला शब्द वापरला ‘एकमय लोक’. बघा कसा आहे. नुसतं एका ठिकाणी राहणारे लोक नव्हे, एका राजाचे लोक नव्हे, एकमय. आणि त्यांचं म्हणणं असं की शूद्र अतिशूद्र, भिल्ल कोळी सगळे शिकून विचार करायला लागून एकमय होईपर्यंत नेशन होणार नाही. त्यांनी राष्ट्र हे झालेलं धरलंच नाही, होण्याची अट घातली.

दुसरे बाबासाहेब. साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९००ला त्यांचा शाळाप्रवेश झाला, आज त्या शाळेचं नाव प्रतापसिंह हायस्कूल आणि तो दिवस विद्यार्थी दिवस. वर्गात ज्या पोराला वेगळं बसायला लागत होतं तोच पुढं २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत उभा राहून बोलला. त्या भाषणात त्यांनी एक आठवण सांगितली आहे, की एके काळी राजकारणातल्या लोकांना ‘भारताचे लोक’ हे शब्द आवडायचे नाहीत, त्यांना ‘भारतीय राष्ट्र’ पाहिजे असायचं. मग म्हणाले, आपण राष्ट्र आहोत असं समजणं हा मोठा भ्रम आहे, हजारो जातींत वाटलेले लोक राष्ट्र कसे होतील, सामाजिक आणि मानसिक अर्थानं आपण अजून राष्ट्र झालेलो नाही हे जितक्या लवकर कळेल तेवढं बरं. आणि संविधानाच्या उद्देशिकेची सुरुवात बघा, आम्ही, भारताचे लोक. राष्ट्र येतं ते नंतर, बंधुतेच्या ओळीत, तेव्हा जागेची निवड बघूनच माणसानं गप व्हावं.

ह्याचा टायपिंगशी काय संबंध म्हणाल, तर आहे, क्रियापदाशी आहे. राष्ट्रत्व या शब्दाला घडणं, येणं, टिकणं, जपणं, आकाराला येणं, विरून जाणं असली क्रियापदं शोभतात. ‘मिळणं’ शोभत नाही, ते स्वातंत्र्याला. ‘देणं’ तर अजिबात नाही, इंग्रजांनी आपल्याला राष्ट्रत्व दिलं असं वाक्य झालं तर स्टेजवरनं उतरताना विचारतील लोक. ‘अभिमान’ पण राष्ट्रत्वाचा जमत नाही, राष्ट्राचा किंवा देशाचा जमतो. “आपल्या राष्ट्रत्वाची जाणीव” चांगलं, “आपल्या राष्ट्रत्वाचा विजय असो” वाईट. आणि देश हा शब्द कमी समजू नका. देश म्हणजे माती, मुलूख, कोकणातली माणसं अजून आपल्या भागाला देशावर म्हणतात. प्रेम देशावर करतात, प्राण देशासाठी देतात, राष्ट्रत्वासाठी प्राण दिले म्हणलं की ऐकणाऱ्याला वाटतं परीक्षेत मार्कासाठी लिहिलंय.

व्याकरण पटकन. त्व लागलेला शब्द नपुंसकलिंगी, ते राष्ट्रत्व, राष्ट्रत्वाचं, राष्ट्रत्वाला. ता लागलेला स्त्रीलिंगी, ती राष्ट्रीयता, राष्ट्रीयतेची. वाद पुल्लिंगी. एकाच परिच्छेदात “ती राष्ट्रत्व” दिसलं की समजायचं आधी राष्ट्रीयता होतं आणि कुणीतरी फाइंड रिप्लेस मारलाय. अनेकवचन करू नका. “राष्ट्रत्वपणा” पण नको, टोपीवर टोपी होते.

आता तो गुरुजींचा त. मूळ शब्द ‘त्’ वर संपत असेल तरच दोन त येतात: महत् अधिक त्व महत्त्व, तत् चं तत्त्व, सत् चं सत्त्व, व्यक्तिमत् चं व्यक्तिमत्त्व. राष्ट्र संपतंय र वर, मग दुसरा त येणार कुठनं? तसंच नेतृत्व, दायित्व, बंधुत्व, सगळ्यात एकच. गंमत म्हणजे लोक जिथं दोन पाहिजेत तिथं महत्व लिहून एक वाचवतात आणि तो वाचवलेला राष्ट्रत्वात खर्च करतात. ‘राष्ट्रीय’मधली री मराठीत दीर्घच. संस्कृतवाले राष्ट्रिय लिहितात ते त्यांच्या व्याकरणाप्रमाणं बरोबर आहे, त्यांच्याशी भांडायला जाऊ नका, पण तुमच्या फ्लेक्सवर दीर्घ.

मोबाईलवर ष्ट्र जमत नसेल तर ष, पाय मोडायचा, ट, पाय मोडायचा, र, या क्रमानं टाका. राष्र्ट असं झालं तर र आधी पडलाय. जुन्या फॉन्टमधली फाइल युनिकोडला फिरवली की सगळ्यात आधी हेच अक्षर फुटतं, त्यामुळं मी कन्व्हर्ट केलं की पहिल्यांदा राष्ट्र शोधतो, तो शाबूत असेल तर बाकीची फाइल बहुतेक ठीक असते.

आणि आता सगळ्यात उपयोगाचं, जे खरं म्हणजे वरच सांगायला पाहिजे होतं. दहातल्या सात ठिकाणी तुम्हाला राष्ट्रत्व हा शब्द लागतच नाही. इंग्रजीला नाम लय आवडतं, मराठीला क्रियापद. ‘राष्ट्र म्हणून’ हे दोन शब्द घ्या आणि पुढं क्रियापद ठेवा. राष्ट्रत्वाच्या वाटचालीत न म्हणता “राष्ट्र म्हणून आपण घडत असताना”. राष्ट्रत्वाच्या जाणिवेचा अभाव न म्हणता “आपण एक राष्ट्र आहोत असं लोकांना वाटतच नव्हतं”. स्टेजवर बोलायला सोपं, श्वास लागत नाही, आणि पोरगं अडखळत नाही.

परवाचंच सांगतो. आठवीतली एक मुलगी आली, तिच्या मामाबरोबर, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेचं भाषण घेऊन. पहिलं वाक्य होतं, “भारताचे राष्ट्रत्व हे विविधतेतील एकतेच्या राष्ट्रीयत्वाचे प्रतीक असून त्याचा आम्हा राष्ट्रवादी तरुणांना अभिमान आहे.” मी विचारलं, बाळ याचा अर्थ काय? तिनं मामाकडं बघितलं, मामानं मोबाईलकडं. मग आम्ही तिघं बसलो. ‘प्रतीक’ काढलं, कारण प्रतीक झेंडा असतो. राष्ट्रीयत्व काढलं, फॉर्म भरायचा नव्हता. राष्ट्रवादी काढताना मामा जरा नाराज झाला, त्याची कारणं वेगळी. मी म्हणलं तुझ्या शब्दांत सांग. ती म्हणाली, आमच्या वर्गात कानडी बोलणाऱ्या दोघी आहेत जतच्या, एक हिंदीवाली आहे तिचे पप्पा साखर कारखान्यात आहेत, आणि आम्ही डबा एकत्र खातो. म्हणलं हे लिही की.

मग झालं ते असं: “आमच्या वर्गात तीन भाषा बोलतात आणि डबा एकच असतो. असं देशभर होईल तेव्हा आपण राष्ट्र म्हणून पुरे घडलो असं मी म्हणेन. फुल्यांनी याला एकमय लोक म्हटलं होतं.” राष्ट्रत्व हा शब्द तिनं पूर्ण भाषणात एकदाच ठेवला, शेवटून दुसऱ्या वाक्यात, ‘घडतंय’ या क्रियापदाबरोबर. मामाला शंका होती की परीक्षकांना अवघड शब्द कमी वाटतील. मी म्हणलं फुल्यांचं मूळ गाव कटगुण हे एक वाक्य घाला, साताऱ्याचे परीक्षक असतील तर कान टवकारतील. ज्यांना अजून खोलात जायचंय त्यांनी मराठी विश्वकोशातली राष्ट्र आणि राष्ट्रवादावरची नोंद वाचा, फुकट आहे ऑनलाइन, आणि तो विश्वकोश पण आपल्या वाईतच तयार झालाय.

निघताना मुलगी दारातनं परत आली. म्हणाली, काका, त्व ला त एकच ना? प्रिंट काढून झाली होती. मी तरी एकदा बघून घेतलं.